सगळाच दोष उन्हाला देऊ नका



या पानावर आम्ही एरवी भाषा, सण आणि शाळा यांविषयी लिहितो. आज विषय निराळा आहे. आजारपणावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्याला जे उशिरा कळले ते दुसऱ्याला वेळेवर सांगावे, हे तर शिक्षकाचेच काम. त्याच भावनेने हा लेख लिहीत आहोत.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे ताई म्हणतो, २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात कतारची राजधानी दोहा येथे गेली. तिचा मुलगा तेथे नोकरीला आहे आणि सुनेचे बाळंतपण जवळ आले होते. आखातातला ऑगस्ट म्हणजे भट्टीच. पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमटही असते. आठवडाभरातच ताईला एकाएकी दरदरून घाम फुटू लागला, छाती धडधडू लागली, डोके ठणकू लागले. पंधरा-वीस मिनिटांत सारे शांत होई. सून घाबरली, पण शेजारणी म्हणाल्या, "नव्या माणसाला इथले ऊन बाधतेच." लिंबाचे सरबत झाले, तळपायाला कांद्याचा रस चोळून झाला.

खरे पाहता हे झटके नवे नव्हते. आमच्या बेटावरही तीन वर्षे ते अधूनमधून येत होते. कोणी म्हणाले वयाचा फेर, कोणी म्हणाले मनाची काळजी. रक्तदाब मोजावा, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका ओसरलेला असे आणि आकडा बेताचाच निघे. तेव्हा कोणा एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. आम्ही स्वतःही तिला म्हणालो होतो, "ताई, तू फार विचार करतेस." ते वाक्य आठवले की आज मान खाली जाते.

ऑक्टोबरमध्ये एका पहाटे झटका चालू असतानाच भाच्याने घरातल्या यंत्रावर तिचा रक्तदाब मोजला. २३० आणि १३०! खोलीत गारवा होता, बाहेर सूर्य उगवायचा होता. उन्हाला दोष द्यायला आता जागाच उरली नाही. त्याने तिला तडक रुग्णालयात नेले. तेथल्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. डोके दुखते का? घाम येतो का? छाती धडधडते का? आणि तिन्ही एकदमच होते का? ताई "हो" म्हणाली. मग चोवीस तासांची लघवी तपासली, रक्त तपासले, शेवटी पोटाचे स्कॅन झाले. डाव्या मूत्रपिंडाच्या वर लिंबाएवढी गाठ दिसली.

मूत्रपिंडावरची टोपी

शाळेत आपण शिकलो की मनुष्याला दोन मूत्रपिंडे असतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. अंगावर कुत्रा धावून आला की आपले काळीज धडधडते आणि पायांत बळ येते, ते या ग्रंथीतून रक्तात सुटणाऱ्या अॅड्रेनालिनमुळे. तिच्या आतल्या भागात क्वचित एक गाठ वाढते. डॉक्टर तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. नाव जड आहे, पण काम समजायला सोपे आहे. कुत्रा नसतानाही ही गाठ अंगावर कुत्रा सोडते. मनुष्य स्वस्थ बसलेला असतो आणि शरीर मात्र जिवाच्या आकांताने पळत असल्यासारखे वागते.

हा आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला दोन ते आठ जणांनाच तो सापडतो. बहुतेक वेळा गाठ कर्करोगाची नसते. पण कर्करोगाची नाही म्हणून ती निरुपद्रवीही नसते. रक्तदाबाच्या एखाद्या उसळीत हृदय बंद पडू शकते किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. खरा उपाय एकच, तो म्हणजे शस्त्रक्रिया.

आम्ही शाळेला सुट्टी लागताच दुबईमार्गे दोह्याला पोहोचलो. वाटले होते, गाठ सापडली आहे तर दुसऱ्या दिवशी काढतील. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन आठवडे." आम्हाला राग आला. मग त्यांनी शांतपणे समजावले. ही गाठ म्हणजे दारूगोळ्याची पिशवी. शल्यविशारदाने तिला नुसता हात लावला तरी तिच्यातले अॅड्रेनालिन रक्तात उसळते. तयारी न करता चाकू चालवला, तर रोगी टेबलावरच दगावू शकतो. म्हणून आधी एक ते दोन आठवडे गोळ्या देऊन रक्तवाहिन्या सैल करायच्या, मीठ आणि पाणी भरपूर देऊन रक्ताचे प्रमाण भरून काढायचे. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या त्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर रक्तदाब आणखी चढतो. हे ऐकून आम्हाला आमचाच वर्ग आठवला. तयारी नसलेल्या मुलाला परीक्षेला बसवू नये, असे आम्हीच पालकांना सांगत असतो.

१९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो या दोघांनी अशा गाठी प्रथम यशस्वीपणे काढल्या. आपण नेमके काय काढत आहोत हे त्या वेळी त्यांना आधी ठाऊकही नव्हते. रोगी वाचले, हे नशीबच म्हणायचे. पुढे निदानाच्या चाचण्या आल्या, तयारीची औषधे आली. १९९२ पासून पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने ही ग्रंथी काढण्याची पद्धत आली. ताईचीही शस्त्रक्रिया याच पद्धतीने झाली. अडीच तास लागले. गाठ सोडवताना रक्तदाब एकदा वर उसळला आणि तिची शीर बंद करताच एकदम खाली आला. दोन्ही वेळा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तो सांभाळला. वाचकहो, शस्त्रक्रियेचे श्रेय आपण चाकू धरणाऱ्याला देतो. परंतु उशाशी बसून आकडे पाहणारा मनुष्यही तितकाच मोठा असतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

"डोक्यात जणू नारळ फोडला"

ताई आत असताना बाहेरच्या दालनात आम्ही बसलो होतो. शेजारी दोन गृहस्थ आपसात बोलत होते. ती बोली कानावर पडली आणि आम्ही चमकलो. अगदी आमच्या आजीच्या तोंडचे हेल! आमचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला बेटावर आले, असे घरात सांगत. आम्ही धीर करून मराठीत विचारले, "तुम्ही कोणत्या गावचे?" एक संगमेश्वर तालुक्यातले निघाले, दुसरे खेडचे. एक हिंदू, एक मुसलमान. दोघांची बोली एकच. आम्ही मॉरिशसचे म्हटल्यावर संगमेश्वरचे गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, तुमची मराठी पुस्तकातली वाटते हो." आम्ही म्हटले, "भाऊ, घरात क्रिओल बोलतो. मराठी पुस्तकातूनच टिकवली आहे."

हे भाऊ तपासणीसाठी आले होते. त्यांच्या कपाळावरून कानापर्यंत केसांच्या कडेने एक बारीक व्रण होता. त्यांनी आपली हकिकत सांगितली, ती थोडक्यात अशी.

मागच्या वर्षी जुलै महिन्यातला शुक्रवार. सुट्टीचा दिवस. कामगारांच्या वसतीतल्या खोलीत ते आंघोळ करून टॉवेल वाळत घालत होते. "एकदम डोक्यात जणू कोणी नारळ फोडला. तशी डोकेदुखी जन्मात नाही पाहिली." उलटी झाली, मान ताठरली. सोबत्यांनी ऊन लागले असे समजून मीठ-साखरेचे पाणी दिले, ओले फडके डोक्यावर ठेवले आणि निजवले. दुपारी खेडचे भाई नमाज पढून परतले. त्यांनी तोंडावरची चादर काढून पाहिले. एक पापणी खाली लोंबत होती. ते म्हणाले, "हा आंघोळ करून खोलीतच होता. ह्याला ऊन लागेल कसं? आणि डोळा का मिटतोय?" त्यांनी ९९९ फिरवला. त्या एका प्रश्नाने भाऊंचा प्राण वाचला.

रुग्णालयात कळले की मेंदूतल्या एका धमनीवर फुगा झाला होता आणि तो फुटला होता. रात्री भाईंनीच गावी भाऊंच्या पत्नीला फोन केला. "वहिनी, डोकं उघडायचं आहे, असं डॉक्टर म्हणतायत." पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती माउली म्हणाली, "तुम्ही जवळ आहात ना? मग होऊ द्या." हे सांगताना भाई दुसरीकडे पाहू लागले.

फुगा म्हणजे काय?

सायकलची जुनी टायर एका जागी विरते, तेव्हा आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर डोकावते. रक्तवाहिनीची भिंत एका जागी कमकुवत झाली की रक्ताच्या दाबाने ती तशीच फुगते. यास अॅन्युरिझम म्हणतात. मराठीत धमनीविस्फार हा शब्द आहे. मेंदूतला असा फुगा साधारणपणे शंभर प्रौढांपैकी तिघांना असतो. त्यांतले बहुतेक फुगे कधीच फुटत नाहीत आणि धन्याला पत्ताही लागत नाही. फुटला मात्र, तर सुमारे एक तृतीयांश रोगी दगावतात. जे वाचतात त्यांना पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून घाई करायची ती येथे.

पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची रीत शोधली, तेव्हा कुठे हे फुगे जिवंत माणसात दिसू लागले. २३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवून तो प्रथमच बंद केला. त्या रोग्याचीही डोळ्याची नस दबली होती, जशी आमच्या भाऊंची. १९६० च्या दशकाअखेरीस झुरिकचे यासरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही कामे करण्याची शिस्त घालून दिली. आज चिमटी बहुधा टायटॅनियमची असते. कवटीचे एक झाकण काढायचे, मेंदूच्या घडीतून वाट काढीत फुग्यापर्यंत जायचे आणि धमनी चालू ठेवून फक्त फुग्याची मान चिमटायची. भाऊंना अशीच चिमटी लावली.

दुसरी वाट कवटी न उघडता जाते. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरतात. इटलीचे ग्युलिएल्मी यांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत सुरू केली. २००२ साली २१४३ रोग्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही वाटा ज्यांना शक्य होत्या अशा रोग्यांत, एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण तारेच्या उपचारात २३.७ टक्के आणि चिमटीच्या उपचारात ३०.६ टक्के होते. तरीही सर्वांना तारच लावावी असा याचा अर्थ नाही. फुग्याचा आकार, त्याची मान आणि जागा पाहून डॉक्टर वाट ठरवतात.

शस्त्रक्रियेने सर्व काही संपत नाही. फुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. त्यामुळे रोग्याला देखरेखीखाली ठेवून निमोडिपिन हे औषध तीन आठवडे ठरल्या वेळी देतात. भाऊ वाचले, चालू लागले, परंतु पूर्वीसारखे राहिले नाहीत. नावे विसरतात, गोंगाट सोसत नाही. उंचावरचे काम सुटले आणि गोदामातले हलके काम मिळाले. आम्ही निघताना त्यांनी भाईंना हळूच विचारले, "गुरुजींचं नाव काय म्हणाले?" दोनदा सांगून झाले होते. भाईंनी तिसऱ्यांदा तितक्याच प्रेमाने सांगितले.

फुगा केवळ मेंदूतच होतो असे नाही. पोटातल्या महाधमनीवरही तो होतो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांत. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांना तोच आजार होता. १९४८ साली शल्यविशारद निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेन कागद गुंडाळला. त्या काळी त्याहून चांगला उपाय नव्हता. सहा वर्षांहून थोडा अधिक काळ निभावला आणि एप्रिल १९५५ मध्ये तो फुटून आइन्स्टाइन गेले. आज त्या जागी कृत्रिम नळी बसवता येते, पुष्कळदा पोट न उघडताही.

सोय आहे, पोहोचायला हवे

कतार हा देश आमच्या बेटाच्या जवळजवळ सहापट मोठा, पण बहुतेक वाळवंट. वस्ती तीस लाखांच्या आसपास आणि तीत भारतीयच कितीतरी लाख. दोह्यातले रुमैला रुग्णालय १९५७ साली उघडले. हमद वैद्यकीय महामंडळ १९७९ मध्ये स्थापन झाले आणि १९८२ मध्ये हमद जनरल रुग्णालय सुरू झाले. २०११ मध्ये हृदयरोगासाठी वेगळे रुग्णालय झाले आणि २०१८ मध्ये औद्योगिक वस्तीजवळ मुख्यतः पुरुष कामगारांसाठी हझम मबैरीक रुग्णालय उभे राहिले. उन्हाबद्दलही कायदा आहे. २०२१ च्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे.

म्हणजे यंत्रे आहेत, डॉक्टर आहेत, नियमही आहेत. पण खोलीतून रुग्णालयापर्यंतचे पहिले पाऊल कायद्याने पडत नाही. कामगाराला वाटते, एक दिवस खाडा झाला तर पगार कापतील. आईला वाटते, मुलाच्या घरी आजारी पडून त्याला त्रास कशाला? कोणी बोलले नाही, की सारे उन्हाच्या खात्यावर जमा होते. ताईचे तसेच झाले आणि भाऊंचेही.

तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा.

डोकेदुखी एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचली आणि आयुष्यात तशी कधी झाली नसेल, तर ती तातडीची बाब समजावी. सोबत उलटी, ताठ मान, झुकलेली पापणी किंवा बेशुद्धी असेल तर मुळीच थांबू नये. खायला-प्यायला देऊ नये, मनाने अॅस्पिरिन देऊ नये. वेळ लिहून ठेवावी आणि कतारमध्ये ९९९, आपल्या मॉरिशसमध्ये ११४ फिरवावा. ऊन लागले असले तरी ताप चढून भ्रम होत असेल तर तेही तातडीचेच आहे. म्हणून चूक झाली तरी ती रुग्णालयात नेण्याच्या बाजूने व्हावी.

घाम, धडधड आणि डोकेदुखी ही तिन्ही वारंवार एकदम येत असतील, तर झटका चालू असतानाच रक्तदाब मोजून आकडा आणि वेळ वहीत लिहावी. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. भाच्याच्या एका आकड्याने तीन वर्षांचे कोडे सुटले.

घरातल्या दोन जवळच्या नातेवाइकांना मेंदूतला फुगा झाला असेल, तर आपली तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारावे. ताईसारख्या गाठींपैकी सुमारे एक तृतीयांश वंशातून येतात, म्हणून आम्हा भावंडांनाही तपासणी करायला सांगितले. अहवाल येईपर्यंतचे दहा दिवस कसे गेले ते आमचे आम्हाला ठाऊक. तो निर्दोष आला. रक्तदाब आणि मधुमेह आमच्या बेटावर घरोघरी आहेत. दाब ताब्यात ठेवणे आणि सिगारेट सोडणे, एवढे दोन उपाय तर फुकटच आहेत.

ताई आता घरी परतली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या; वर्षातून एकदा तपासणी मात्र जन्मभर करायची आहे. परवा अंगणात वाळवण घालताना तिला घाम आला. आम्ही धावत यंत्र आणले. ती हसून म्हणाली, "अरे, आज खरंच ऊन आहे." तरीही आम्ही रक्तदाब मोजला. १२४ आणि ७८. वहीत लिहून ठेवला आणि मगच तिला सावलीत चहा दिला.